रस्त्यावरची बोळवण

रस्त्यावर वाजवायचं तर दिवटी पेटवायची नाही, घट मांडायचा नाही आणि देवांना नावं घेऊन बोलवायचं नाही. हे बंधन मालोजीने स्वतःच स्वतःला घालून घेतलं होतं. दुसरं कोण घालणार? त्याच्या बापाच्या काळात गोंधळ रस्त्यावर होतच नव्हता. लग्न झालं की घरात नाहीतर दारच्या मांडवात देवीचा गोंधळ घालायचे. चौक भरायचा, पाच उसांच्या सावलीत घट बसवायचा, ठिकठिकाणच्या देवांना त्या घराच्या नावाने बोलवायचं, गायचं, आणि शेवटी आरती करून त्यांची बोळवण करायची. बाप म्हणायचा, बोलावणं कुणालाही जमतं, घसा असला की झालं. पाहुण्याला परत वाटेला लावणं हे खरं काम. आणि ज्याच्या नावाने बोलावलं त्याला समोर उभं करूनच पाहुण्याला वाटेला लावायचं. मधेच उठलास तर पाहुणा त्याच्या दारात उपाशी बसून राहतो. असा पाहुणा बरा नव्हे.

मालोजीने पोटासाठी जे काम केलं त्यातही हेच पाहिलं. राजाजीनगरच्या एका फौंड्रीत तो मोल्डर होता. दिवसभर उकिडवं बसून साच्यात वाळू ठोकायची. सैल ठोकली तर धातू वाळूत घुसतो. फार घट्ट ठोकली तर वाफ कोंडते आणि साचा फुटतो. हात मनगटातून सुटा हवा. तोच हात मंगळवारी-शुक्रवारी संबळावर पडायचा. आणि ओतकाम एकदा सुरू झालं की थांबायचं नाही. वितळल्या धातूची लॅडल दोघांनी धरलेली असताना कुणाला खोकला येवो, कुणाला ठेच लागो, धार तुटता कामा नये. तुटली तर आतल्या आत सांधा राहतो. वरून दिसत नाही, घासून रंगवून माल बाहेर जातो. पुढे कधीतरी यंत्र नेमकं तिथेच मोडतं.

फौंड्री गेली, तिथे फ्लॅट उभे राहिले. घरचे गोंधळही आटत गेले. लग्नं हॉलमध्ये व्हायला लागली आणि हॉलवाला रात्री दिवे घालवायची घाई करायला लागला. त्यातच मागे तिघे-चौघे भामटे कवड्यांच्या माळा घालून राजाजीनगरात दारोदार फिरले. तुमच्या घरावर दोष आहे, देवी अडून बसलीय, असं बायकांना सांगून सोनं काढून घेऊन गेले. तेव्हापासून कवड्यांची माळ दिसली की लोक जाळीचं दार उघडत नसत. मालोजीच्या गल्लीतली, त्याच्या बापालाही ओळखणारी माणसंसुद्धा आतूनच म्हणायची, "आज नको, अण्णा."

म्हणून रस्ता.

एचएसआर लेआउटमध्ये रहिवाशांची एक संघटना होती. महिन्यातून एका रविवारी ती एक लांबलचक रस्ता गाड्यांना बंद करायची आणि ठिकठिकाणी वाजवणारे-गाणारे उभे करायची. हे सगळं जुळवणारी बाई संहिता. जुन्या मराठी घरातली. तिच्या भावाच्या लग्नाचा गोंधळ मालोजीने घातला होता. तिनेच फोन केला.

"अण्णा, वीस मिनिटं. गाणी म्हणा, संबळ वाजवा, लोकांना हसवा. फक्त आग नको हं. पोलिसांच्या परवानगीत तशी अट आहे आणि खाली सही माझी आहे."

"सरी, बरं," मालोजी म्हणाला. रस्त्यावर आग त्यालाही नकोच होती.

त्या रविवारी तो उन्हं कलायच्या आधीच पोहोचला. बरोबर यल्लाप्पा होता, त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. एरवी देवनहळ्ळीकडे टेम्पोने भाजी वाहायचा. गळा गोड, तोंड सैल. गायचं आणि तुणतुणं धरायचं काम त्याचं. मालोजीने झगा चढवला, माळ घातली आणि संबळ कमरेला बांधला. ही बांधणी तो दुसऱ्या कुणाला करू देत नसे. पट्टा कमरेच्या हाडावर बसला पाहिजे, पोटावर नाही. पोटावर बसला की दम अर्धा होतो आणि वाजवणारा गाणाऱ्याच्या मागे पडतो.

सुरुवात काही जमली नाही. लोक येत, फोन समोर धरत, आणि पुढे जात. पलीकडच्या कोपऱ्यावर टोपीवाला एक माणूस सॅक्सोफोनवर जुन्या कन्नड गाण्याची चाल वाजवत होता. सगळी गर्दी तिकडे. यल्लाप्पाला ते सोसेना. एक गाणं संपलं तसा तो दोन पावलं पुढे गेला.

"थांबा हो, थांबा स्वल्प. गोंधळ म्हटला की घर लागतं. आज कुणाच्या घरचा गोंधळ? या पुढे उभ्या दाढीवाल्या अण्णांच्या? नको. यांचं घरात बायको ऐकत नाही, देवी कुठनं ऐकणार."

लोक हसले. चार थांबले, त्यांना बघून आणखी थांबले. तेच बोलणं तो कन्नडमध्ये फिरवून म्हणाला, आणखी हसू आलं. पुढेच एक तरुण बाई उभी होती. निळा कुर्ता, दिवस भरत आलेले, एक हात कमरेवर. ती मराठी ऐकून खुलली.

"आमच्या घरचा घ्या," ती म्हणाली. "मनस्विनी आणि हर्ष."

"वा अक्का. गाव?"

"मूळचं सातारा. आता इथेच."

"देवी कुठली?"

"तुळजापूरची."

तिच्या शेजारचा नवरा फोनवर काहीतरी बघत होता. तो नुसता हसला. इथवर सगळी थट्टा होती. रस्त्यावर असं कुणाला तरी गोवून घ्यावंच लागतं. पण यल्लाप्पाला गर्दी मिळाली होती आणि गळा तापला होता. नाव, गाव, देवी हे तीन शब्द ओळीने कानावर पडले की पुढे काय म्हणायचं हे त्याच्या गळ्याला लहानपणापासून पाठ. त्याने तुणतुण्याची तार ओढली आणि मनस्विनी-हर्ष यांच्या घरच्या नावाने तुळजापूरला हाक मारली. मग सौंदत्तीला. मग बनशंकरीला. मग इथल्या अण्णम्माला. हे गंमतीचं गाणं नव्हतं. घटासमोर म्हणायचं ते खरं बोलावणं होतं.

मालोजीच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. त्याचे हात आधीच तिकडे गेले होते. बोलावण्याचा ठेका वेगळा असतो. डावीकडच्या मोठ्या तोंडावर वजन पडतं आणि उजवीकडची वाकड्या टोकाची काठी नुसती कुजबुजत राहते. काठ्या उचलून धरल्या असत्या तर यल्लाप्पा तिथल्या तिथे अडखळला असता. पण हाताने विचारलं नाही. गळा जिकडे गेला तिकडे हात गेला, जन्मभर गेला तसा.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता खरी गर्दी होती. पुढची दोन गाणी मालोजीने कशी वाजवली ते त्याचं त्याला कळलं नाही. संहिता बाजूला येऊन उभी राहिली, तिने हसत मनगटाकडे बोट दाखवलं. वेळ संपली. मागे गिटार घेतलेल्या तिघी मुली खोळंबल्या होत्या. गर्दी फुटली. मालोजीने मान वर केली तेव्हा निळा कुर्ता समोर नव्हता.

"दाजी," यल्लाप्पा हळूच म्हणाला. तोंड उतरलं होतं. "मी बोलावलं हो."

"ऐकलं."

"तोंडातनं गेलं."

"माझ्या हातातनंपण गेलं. आता बोळवण करायला लागेल."

"इथे? रस्त्यावरचं कुठे लागू होतंय, दाजी. ना घट, ना दिवटी. देवीला कळत नाही होय, हा खेळ आहे म्हणून?"

"तू खेळ म्हणून म्हटलंस?"

यल्लाप्पाने तुणतुण्याची तार सैल केली. त्याने खेळ म्हणून म्हटलं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणताना अंगावर काटा आला होता.

मालोजी संहिताकडे गेला. म्हणाला, आणखी थोडा वेळ हवा आणि दिवटी पेटवावी लागेल. बोळवण राहिलीय.

"अण्णा, असं कसं चालेल," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मागच्या खेपेला एकाने आगीचे गोळे फिरवले, कुणाची ओढणी पेटली. नशीब म्हणून वाचली. हवं तर माझ्या घरी चला, तिथे करा."

"तुझ्या घरच्या नावाने नाही झालं. त्या बाईच्या नावाने झालं. ती समोर पाहिजे."

संहिता जुन्या घरातली होती, तिला अर्थ कळला. तिने गर्दीकडे पाहिलं.

"तिला शोधाल. आणि सांगाल काय? पोटुशी बाई आहे, अण्णा."

मालोजी निघाला.

संबळ सोडायला वेळ नव्हता, म्हणून कमरेला तसाच. मागे यल्लाप्पा, खांद्यावर सामानाची पिशवी, हातात दिवटी आणि तुणतुणं. रस्ता माणसांनी भरला होता. प्रत्येक कोपऱ्यावर एक गर्दी आणि प्रत्येक गर्दीच्या मध्ये कुणीतरी वाजवत होतं. एक पोरगा पालथ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांवर काठ्यांनी ताल धरत होता, घामाने निथळत. मनगट ताठ होतं त्याचं, अशाने लवकर दुखेल. पुढे एक आंधळं जोडपं, चाकांच्या गाडीवर स्पीकर ठेवून आळीपाळीने गात होतं. नवऱ्याचा हात बायकोच्या खांद्यावर होता आणि कडवं संपलं की तो बोटाने खूण करायचा, मग ती उचलायची. मालोजी एरवी तिथे थांबला असता. आता तो माणसांच्या फटीतून फक्त निळा रंग शोधत होता. निळे कुर्ते भरपूर होते.

दोन बायकांना त्याने कन्नडमध्ये विचारलं, एक पोटुशी बाई इकडून गेली का, निळ्या कपड्यातली. एकीने नाही म्हटलं. दुसरीने त्याच्या माळेकडे पाहिलं, झग्याकडे पाहिलं, मुलीचा हात धरला आणि काही न बोलता बाजूला झाली.

थोडं पुढे गेल्यावर गार्ड आडवा आला, त्या दुसऱ्या बाईने सांगितलं असावं. खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी, हातात वॉकी-टॉकी.

"कुणाला शोधताय?"

"एक ओळखीची बाई."

"नाव?"

"मनस्विनी."

"ओळखीची आहे तर फोन लावा."

मालोजीकडे फोन होता, नंबर नव्हता. गार्ड त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. "काम काय आहे तिच्याशी?"

काय सांगावं? मालोजीने मनात वाक्य जुळवून पाहिलं. तुमच्या नावाने देवी बोलावली आहे, तिला परत पाठवलेलं नाही, पाच मिनिटं द्या नाहीतर बरं नव्हे. एकेक शब्द खरा होता. आणि एकेक शब्द राजाजीनगरात सोनं घेऊन गेलेल्या त्या भामट्यांचा होता. ते हेच बोलले होते, याच वेशात, अशाच बायांशी. त्यांच्या तोंडी ते खोटं होतं आणि मालोजीच्या तोंडी खरं होतं, पण ऐकणाऱ्याने हे ओळखायचं कशावरून?

"आरतीला थांबायला सांगायचं होतं," तो म्हणाला.

"इथे आरती-बिरती नाही. जा, तुमच्या जागेवर जा." गार्डने वॉकी-टॉकी तोंडाशी नेला आणि पाठ फिरवून काहीतरी बोलला. मालोजीला 'प्रेग्नंट' एवढा एकच शब्द ऐकू आला.

"दाजी, परत फिरूया," यल्लाप्पा म्हणाला. त्याला दम लागला होता. "हे लोक आता पोलिसांना बोलावतील. उद्या फोटो फिरेल आपला, बायांच्या मागे लागणारे म्हणून. मग तुमच्या घरी अक्का मला आत घेईल का?"

"तू जा. दिवटी दे इकडे."

"मी कुठे जाऊ एकटा," यल्लाप्पा म्हणाला आणि मागे चालत राहिला.

रस्ता संपायच्या ठिकाणी लोखंडी बॅरिकेड लावले होते. पलीकडे नेहमीचा रस्ता, नेहमीच्या गाड्या. बॅरिकेडच्या बाहेर, आत यायची परवानगी नसलेले वाजवणारे होते. झूल घातलेला नंदीबैल आणि त्याच्याजवळ सनई फुंकणारा म्हातारा. कणीसवाल्याची गाडी होती, त्याच्या निखाऱ्यांवर कुणी हरकत घेत नव्हतं. आणि फुटपाथच्या कडेला, टॅक्सीची वाट बघत, निळा कुर्ता.

मालोजी बॅरिकेडच्या फटीतून बाहेर पडला. संबळ लोखंडाला घासून वाजला. नवऱ्याने मान वळवली, दोघांना पाहिलं आणि तो बायकोच्या पुढे येऊन उभा राहिला.

"काय पाहिजे?"

"दोन शब्द बोलायचे होते."

"गार्ड आत्ताच सांगून गेला, कोणीतरी आम्हाला शोधतंय. तुम्हीच का?" आवाज शांत होता, पण फोन धरलेली मूठ आवळलेली होती. "आम्ही पैसे दिलेत. तो क्यूआर होता ना, त्यावर टाकलेत."

"पैसे नकोत. आरती राहिली. ताई पाच मिनिटं उभ्या राहिल्या तर उरकून टाकतो. इथेच."

"मग करा ना तुम्ही. आम्ही कशाला?"

नेमका तोच प्रश्न. मालोजीच्या जिभेवर उत्तर आलं.

"हर्ष, थांब जरा," ती म्हणाली आणि नवऱ्याच्या बाजूने पुढे आली. "काका, तुम्ही माझं नाव घेतलं होतंत मघाशी. म्हणजे, त्याचं काही असतं का? माझी आजी म्हणायची गोंधळाचं काहीतरी. अर्धवट राहिला की..." तिने वाक्य पूर्ण केलं नाही. हात आपोआप पोटावर आला होता.

मालोजीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिने हसून विचारलं असतं, अविश्वासाने विचारलं असतं, तर सांगणं सोपं होतं. सांगून टाकायचं, तिने हसायचं, पाच मिनिटं उभं राहायचं, घरी जायचं. पण ही हसत नव्हती. हिने विश्वास ठेवला असता. पाच मिनिटांनी आरती झाली असती, पण भीती आरतीने गेली नसती. ती हिच्याबरोबर टॅक्सीत बसली असती. पोरगं जरा कमी हललं तरी हिला आजचा रस्ता आठवला असता. पोराला ताप आला तरी आठवला असता. सांधा आत राहिला असता, आणि तो मालोजीने ठेवलेला असता.

"काही नसतं," तो म्हणाला. "गंमत होती ती. हा यल्लाप्पा सगळ्यांचीच नावं घेतो. काय रे?"

यल्लाप्पाला अर्धा क्षण लागला. "हो अक्का. नाव घेतल्याशिवाय लोक थांबत नाहीत. मागच्या वेळी एका पोलिसाचं घेतलं होतं. त्याने पावतीच फाडली."

ती हसली. खांदे खाली आले. "मग शोधत का होतात एवढं?"

"मराठी ऐकून बरं वाटलं," मालोजी म्हणाला. "म्हातारा माणूस. म्हटलं, आरतीला चार आपली माणसं असावीत. बाकी काही नाही."

टॅक्सी आली. नवऱ्याने दार उघडलं, तिचं डोकं लागू नये म्हणून हात वर धरला. बसता बसता तो मालोजीकडे वळला. "सॉरी काका. इकडे कसं कसं असतं, माहीत आहे ना." मालोजीने मान हलवली. ती खिडकीतून म्हणाली, "येऊ का?"

"सावकाश जा," मालोजी म्हणाला.

टॅक्सी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग फुटपाथवर जिथे जरा सपाट होतं तिथे गेला.

"दिवटीला चिंध्या बांध. तेल काढ."

"आता कशाला? ती गेली."

"देवी गेली नाही."

"मग बोळवण कुणाच्या समोर? कुणाच्या घरावरनं?"

"माझ्या."

यल्लाप्पाने पिशवी खाली ठेवली. आता त्याचा आवाज खरंच बदलला. "दाजी, तुमचं घर म्हणजे माझ्या बहिणीचं घर. तिचं आत्ताच डोळ्याचं ऑपरेशन झालंय. तुम्ही असं कुणाचं तरी उचलून तिच्या दारात..."

"कुणाचं तरी नाही. तू बोलावलंस, मी वाजवलं. आपण दोघांनी केलेलं आहे. त्या पोरीने फक्त नाव सांगितलं."

"असं चालतं का? बोलावलं एकाच्या नावाने, पाठवायचं दुसऱ्याच्या?"

"ठाऊक नाही," मालोजी म्हणाला. "आजवर कुणी केलेलं मी ऐकलं नाही. बापाला विचारता आलं असतं तर विचारलं असतं. तू तेल काढ."

कणीसवाल्याने निखाऱ्यातून कागद पेटवून दिला. दिवटी धरायला तिसरा माणूस नव्हता. मालोजीने ती बॅरिकेडच्या नळीत खोचली, आतल्या बाजूला नाही, बाहेरच्या. ज्योत गाड्यांच्या वाऱ्याने आडवी होत होती, पण तेल भरपूर होतं. आतून गार्ड धावत आला आणि बॅरिकेडपाशी थबकला. आग त्याच्या रस्त्यावर नव्हती. मागून संहिता आली. तिने ज्योत पाहिली, दोघांना पाहिलं, निळा कुर्ता कुठे नाही हेही पाहिलं. पुढच्या महिन्यात फोन येणार नाही, एवढं मालोजीला तिच्या उभं राहण्यावरून कळलं. गार्डला तिने हातानेच मागे बोलावलं.

यल्लाप्पाने तार लावली. खाकरून त्याने सुरू केलं. घराचं नाव घ्यायची जागा आली तेव्हा त्याने मालोजीकडे पाहिलं. मालोजीने मान हलवली. यल्लाप्पाने मालोजी आणि सगुणाबाई यांच्या घराचं नाव घेतलं, आणि जिला जिला बोलावलं होतं तिला तिला उलट्या क्रमाने वाटेला लावायला लागला. आधी अण्णम्मा, मग बनशंकरी.

थोडं झाल्यावर तो दोन ओळींच्या मध्ये म्हणाला, "दाजी, पाच मिनिटांचं म्हणाला होतात."

"ते तिच्यासाठी म्हणालो. तिला उभं राहवलं नसतं."

मग त्याने काही आखडलं नाही. एकही आवर्तन गाळलं नाही. अंगठ्याखाली जुना घट्टा होता त्याच्यावर काठी घासून कातडं सोललं, तरी वजन कमी केलं नाही, कारण बोळवणीचा ठेका हलक्या हाताने वाजवला तर तो ठेका राहत नाही, नुसता आवाज होतो. बस जायची तेव्हा काहीच ऐकू यायचं नाही. बस गेली की संबळ पुन्हा जिथे असायला हवा तिथे असायचा. कुणी थांबलं नाही. सनईवाला म्हातारा तेवढा वाजवायचा थांबून नंदीबैलाच्या मानेवर हात ठेवून ऐकत होता.

मग दोघे घरी निघाले. बसमध्ये यल्लाप्पा एकदा म्हणाला, "अक्काला कोण सांगणार?" मालोजी म्हणाला, "मी." तेवढंच.

सगुणाबाई काळा चष्मा लावून खाटेवर बसली होती. तिला अजून नीट दिसत नव्हतं, पण पायांच्या आवाजावरून काहीतरी बिघडलं आहे हे तिला दारातच कळलं. मालोजीने संबळ उतरवायच्या आधी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, भामट्यांच्या वाक्याचंही सांगितलं. यल्लाप्पा उंबऱ्याबाहेर उभा होता.

सगुणाबाईने पाय खाटेखाली सोडले.

"त्या पोरीला कळलं नाही?"

"नाही."

"ते बरं केलंत." मग तिने चष्मा काढला आणि जिथे तो उभा असेल असं वाटलं तिथे बघितलं. "मला विचारलं नाहीत."

"वेळ नव्हता."

"फोन होता. घर काय एकट्याचं आहे तुमचं? त्या पोरीला घाबरवायचं नाही हे सुचलं, आणि मला सांगायचं नाही सुचलं."

ती खरं बोलत होती. त्याने कमरेचा पट्टा सोडायला घेतला. अंगठा चुरचुरत होता, गाठ सुटेना.

"पूर्ण म्हटलात?"

"पूर्ण."

"रस्त्यावर. बसच्या धुरात." ती उठली, भिंतीला हात लावत देवाच्या फळीपर्यंत गेली आणि समईची वात चाचपून वर सारली. "माझ्या दारावरनं पाठवायची तर माझ्या दारात आणून, ओटी भरून पाठवायची. अशी नाही. येत्या शुक्रवारी घरात गोंधळ घालायचा. चौक भरून, घट मांडून. भीती-बिती नाही मला, पण माझ्या नावाने पाहुणी फुटपाथवरनं परत गेली, असं कुणी म्हणायला नको."

"चार माणसं लागतील," मालोजी म्हणाला. "दिवटीला एक, साथीला एक. आता कोण येतं?"

"ते तुमचं काम. शोधा. आज त्या पोरीला शोधलंत तसे." मग दाराकडे तोंड करून ती म्हणाली, "यल्लाप्पा, बाहेर उभा राहू नकोस चोरासारखा. पाच ऊस लागतील. मार्केटात आत्ता मिळतात का ते उद्या बघून ये, आणि मिळत नसतील तर देवनहळ्ळीकडनं आण. सोललेले नकोत, पाल्यासकट."

यल्लाप्पा आत आला. मालोजीने दातांनी पट्ट्याची गाठ सैल केली, संबळ कोपऱ्यात ठेवला, आणि साथीला कोण कोण जिवंत आहे ते आठवत भिंतीला टेकून बसला.